टर्कीचे नर आरवायचेच थांबलेत, काय करावं? (पेनसिल्व्हेनिया)

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, रानटी टर्कीच्या शिकारीचा परवाना आहे, टॅग (मारलेल्या पक्ष्याला लावायची चिठ्ठी) आहे, हंगाम चालू आहे. १९७२चा वन्यजीव कायदा भारतातला, तो इथे काढू नका.

ओकचं जंगल, खाली मक्याची शेतं. हंगाम सुरू झाला तेव्हा पहाटे रातथाऱ्यावरून नर नुसते बोंबलत होते. आता मे अर्धा सरला. उजाडताना एखादी हाक येते, झाडावरून उतरले की चिडीचूप. पक्षी आहेत हे नक्की: ओढ्याच्या चिखलात ताजे ठसे, 'जे' अक्षरासारखी वळलेली नराची विष्ठा, धूळस्नानाचे खळगे. बॉक्स कॉलला (मादीचा आवाज काढणारी लाकडी पेटी) दाद नाही, एरवी ज्याला नर ओरडून उत्तर देतात त्या कावळ्याच्या आवाजालाही नाही. माग काढत जवळ जाणं इथे वसंतात बेकायदा, बसून बोलवायचं एवढंच हातात. जागा बदलत राहू की ठाण मांडू? डेकॉय (नकली टर्की) लावू का?

प्रतिसाद:
ठाण मांडा. नर गप्प, म्हणजे बहुतेक माद्या सोबत आहेत. मग तो कशाला ओरडेल? पण अंडी घालायच्या दिवसांत मादी सकाळी त्याला सोडून घरट्याकडे जाते, आणि एकदा उबवायला बसली की साधारण २८ दिवस अडकते. दहानंतर तो एकटा पडतो. तोवर निम्मे शिकारी घरी पोहे खात असतात. आता तुमच्याकडे दुपारनंतरही बसता येतं, त्याचा फायदा घ्या.

बॉक्स कॉल पिशवीत टाका. स्लेटवर (काडी घासून आवाज काढायची पाटी) हलके क्लक, म्हणजे मादीचे तुटक आवाज, थोडी घुरघुर, मग हाताने पाचोळा उकरा: दोन-तीन ओरखडे, थांबा, पुन्हा एक. पुढची पंधरा-वीस मिनिटं काही नाही. असा नर न सांगता येतो, म्हणून बंदूक आधीच गुडघ्यावर. पिसारा फुलवताना छातीत घुमतो तो आवाज ऐकू आला, तर तो जवळच आहे, मान वळवू नका.

डेकॉय मादीचा, एकच. फुलवलेला नर ठेवलात तर मार खाल्लेले नर लांबूनच सटकतात.

आणि पाठीशी खांद्यांपेक्षा रुंद झाड हवंच. लाल, पांढरं, निळं अंगावर नको, नराच्या डोक्याचे रंग तेच. तुमचा पाचोळा दुसरा शिकारीही ऐकत असतो, तो तुम्हालाच टर्की समजायचा.

मूळ प्रश्नकर्ता:
आभार. वारा जोरात असेल तर हलके क्लक पोहोचतात का?

प्रतिसाद:
नाही. त्या दिवशी डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला, नाहीतर उघड्या शेताच्या कडेला बसा. वाऱ्यात त्यांनाही नीट ऐकू येत नाही, म्हणून ते डोळ्यांवर भिस्त ठेवून मोकळ्यावर येतात.