मदत हवी आहे: बुधवारी ड्रॉ झाला तर आपण आत की बाहेर? (फळ्यावर लिहायचंय, लौकर सांगा)

वडगाव_दहा_नंबर (सोमवार, २८ नोव्हेंबर २०२२, रात्री ८.४५)
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. बुधवारी रात्रीच्या मॅचला आम्ही गल्लीत पडदा लावायलोय. ड्रॉ झाला तर आपण पुढं जातो की नाही, एवढंच पाहिजे. दोन दिवस भांडणं चालल्यात. अर्धी गल्ली म्हणते ड्रॉ चालतोय, अर्धी म्हणते जिंकायलाच पाहिजे. कोपऱ्यावरच्या फळ्यावर गणित लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. आणि दुसरी मॅच पण त्याच टायमाला आहे, पडदा एकच. कुठली लावू? लांबण नको, हो की नाही तेवढं सांगा.

अनगोळचा_गोलकी (रात्री ८.५२)
कुठली मॅच गा? आपण म्हणजे कोण?

फक्त_क्रिकेट (रात्री ८.५८)
बुधवारची मॅच रात्री नाही, सकाळी ७ ला आहे, ख्राइस्टचर्चला. कालची हॅमिल्टनची पावसात गेली. न्यूझीलंड १-० पुढे आहे, म्हणजे जिंकलो तर मालिका बरोबरीत. आणि वन डेत ड्रॉ नसतो, टाय असतो. पडदा सकाळी लावला तर उन्हात काही दिसणार नाही.

वडगाव_दहा_नंबर (रात्री ९.०५)
अहो फुटबॉल! वर्ल्ड कप चाललाय, कतारला! आपण म्हणजे आपण. अख्ख्या गल्लीत निळे-पांढरे पट्टे लागलेत, अजून काय सांगू.

निपाणीकर_पिवळा (रात्री ११.३५)
आमच्याकडं आपण म्हणजे ब्राझील. आत्ताच कासेमिरोनं घातला, स्वित्झर्लंड १-० नं गार. दोन मॅचमध्ये सहा गुण, पुढं गेलो पण. गणित बिणित काही नाही. तुमच्यावर ही पाळी का आली याचा विचार करा.

वडगाव_दहा_नंबर (रात्री ११.४१)
हो की नाही विचारलं होतं.

रेफ्री_मामा (मंगळवार, सकाळी ६.१०)
पोरा, हो-नाहीत बसणारा प्रश्न नाही हा. अर्जेंटिना धरून सांगतो. क गटात पोलंड ४, अर्जेंटिना ३, सौदी ३, मेक्सिको १. गोलफरक (मारलेले गोल वजा खाल्लेले) बघ: पोलंड अधिक २, आपण अधिक १, सौदी उणे १, मेक्सिको उणे २. आता शेवटच्या दोन मॅच, पोलंड-अर्जेंटिना आणि सौदी-मेक्सिको.

जिंकलो की सहा गुण, आत. हरलो की तीनवरच राहिलो, आणि तिकडं काहीही झालं तरी सौदी नाहीतर मेक्सिको, कोणीतरी चारला पोचतंय, म्हणजे बाहेर. भांडण आहे ते ड्रॉचं. ड्रॉ झाला की पोलंड ५, आपण ४. तिकडं सौदी जिंकली तर ती सहावर, आपण घरी. तिकडं पण ड्रॉ झाला तर सौदी ४, आपण ४, पण गोलफरकात आपण पुढं, म्हणजे आत. मेक्सिको एक-दोन गोलनं जिंकली तरी आत. चार गोलनं जिंकली तर बाहेर.

आणि पिवळ्या कार्डांचा हिशोब ठेवा. सगळं सारखं झालं तर शेवटी कार्डं मोजतात.

शहापूरचा_सौदी (सकाळी ७.२५)
मामा, माफ करा पण चुकताय तुम्ही. दोघांचे चार-चार झाले तर आधी आपसातली मॅच बघतात. २२ तारखेला सौदीनं आपल्याला २-१ हरवलंय. म्हणजे दोन्हीकडं ड्रॉ झाला तर सौदी आत, अर्जेंटिना बाहेर. मी युरो कप बघून सांगतोय, ऐकीव नाही.

(नाव बघून गैरसमज नको. त्या दुपारी मी एकटाच सौदीच्या बाजूनं होतो, तेव्हापासून पोरं असंच म्हणतात.)

वडगाव_दहा_नंबर (सकाळी ७.३१)
हेच! ह्याच्यावरनंच भांडण लागलंय गल्लीत. आता तुम्ही पण तेच चालू केलंय.

रेफ्री_मामा (सकाळी ७.५०)
युरोत तसंच आहे, कबूल. स्पेनच्या लीगमध्ये पण तसंच. ह्या वर्ल्ड कपमध्ये क्रम वेगळा. गुण, मग सगळ्या मॅचचा गोलफरक, मग एकूण मारलेले गोल, आणि तरीही सारखं असलं तर मग आपसातली मॅच. त्याच्यापुढं कार्डं, त्याच्यापुढं चिठ्ठी. दोन्हीकडं ड्रॉ म्हणजे अर्जेंटिना आत. माझं गणित चुकलं तर अर्धा किलो कुंदा माझ्याकडनं.

शहापूरचा_सौदी (सकाळी ८.०२)
आणि बरोबर निघालं तर माझ्याकडनं. कार्डं मोजून कोण वर्ल्ड कपमधनं बाहेर जातंय वो मामा? उगीच काहीतरी.

रेफ्री_मामा (सकाळी ८.०९)
चार वर्षांपूर्वी सेनेगल गेलं की. जपान आणि सेनेगल, गुण सारखे, फरक सारखा, गोल सारखे, आपसात २-२. जपानची पिवळी कार्डं चार, सेनेगलची सहा. शेवटची दहा-पंधरा मिनिटं जपान एका गोलनं हरत असूनसुद्धा चेंडू मागच्या मागं फिरवत बसलं होतं, कारण तिकडं सेनेगल पण हरायलंय हे त्यांना कळलं होतं.

कोल्हापुरी_तालीम (सकाळी ९.१५)
भावा, गणित सोड. पडदा-बिडदा पण सोड. आमच्याकडं पेठेत पोरं मॅच बघायला नाही, खेळायला जमतात. शाहू स्टेडियमला या एकदा, पाटाकडील तालमीची मॅच बघा, मेस्सी विसरशील.

टिळकवाडीची_ताई (सकाळी ९.४०)
लेले ग्राउंडवर पण खेळतात हो पोरं. कोल्हापूरचं प्रत्येक धाग्यात कशाला?

पडदावाला_खानापूर (सकाळी १०.०५)
प्रोजेक्टर किती ल्युमेनचा आहे? गल्लीत वर म्युनिसिपालटीचा दिवा असेल तर आधी ते बघा. दिव्याच्या पाठीला पडदा बांधा, तोंडाला नको. कापड पांढरी चादर चालते, पण मागनं काळं लावा. आवाजाला वेगळा बॉक्स घ्या, प्रोजेक्टरचा आवाज पहिल्या ओळीपलीकडं जात नाही. आणि मॅच मोबाईलवरनं जोडणार की डिशवरनं? मोबाईलवरचं चित्र डिशच्या मागं असतंय. शेजारच्या घरात आधी ओरडतात, मग आपल्याकडं गोल होतोय. गेल्या शनिवारी मेक्सिकोच्या मॅचला आमचं तेच झालं. मेस्सीनं शॉट मारायच्या आधीच समोरच्या काकू नाचायला लागल्या.

वडगाव_दहा_नंबर (सकाळी १०.१२)
प्रोजेक्टरचं मी विचारलेलंच नाही. (पण डिशचं बरं झालं सांगितलं.)

पुणेकर_मूळ_बेळगाव (सकाळी ११.२०)
दोन्ही सामने एकाच वेळी का, हे कोणी सांगितलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. १९८२ साली स्पेनमध्ये गिहोन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा सामना झाला. अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशीच संपला होता, त्यामुळे या दोघांना नेमके काय हवे ते ठाऊक होते. दहाव्या मिनिटाला जर्मनीने गोल केला. १-० ने दोघेही पुढे जात होते, म्हणून उरलेला वेळ दोघांनी चक्क टाइमपास केला. अल्जीरिया बाहेर गेले. १९८६ पासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी होतात.

तसे १९७८ मध्येही झाले होते. ब्राझीलचा सामना आधी संपला, अर्जेंटिनाला पेरूविरुद्ध चार गोलांच्या फरकाने जिंकायचे आहे हे आधीच कळले, आणि अर्जेंटिनाने सहा घातले. असो.

निपाणीकर_पिवळा (सकाळी ११.२४)
असो नको. सविस्तर लिहा त्याच्यावर.

वडगाव_दहा_नंबर (सकाळी ११.३०)
१९७८ ला माझे बाबा शाळेत होते. फळा अजून कोरा आहे.

अनगोळचा_गोलकी (दुपारी १.१०)
फळा मामांचंच बघून लिही. पण मेक्सिको बरोबर तीन गोलनं जिंकली तर काय? ते मामांनी गाळलंय.

रेफ्री_मामा (दुपारी २.३०)
गाळलं नाही, जेवायला उठलो होतो. तीन गोलनं जिंकली की फरक सारखा, दोघं अधिक १. मग मारलेले गोल बघायचे. आपले आत्तापर्यंत तीन, मेक्सिकोचा एकही नाही. आपला ०-० आणि त्यांचा ३-० झाला तर तीन-तीन, मग आपसातली मॅच आपण २-० जिंकलेली, आत. त्यांचा ४-१ झाला तर त्यांचे चार, आपण बाहेर. आपला १-१ झाला आणि त्यांचा ३-०, तर आपले चार, आत. फळ्यावर एवढं लिहू नको, पोरं फळाच फोडतील.

माझं मत विचारशील तर पोलंड ड्रॉसाठीच उतरणार. त्यांना एक गुण मिळाला की कुणाकडं बघायची गरज नाही. लेवांडोव्स्कीला पुढं एकटा सोडून बाकी सगळे मागं थांबतील. गोलवर श्चेन्स्नी आहे, त्यानं सौदीची पेनल्टी अडवलीय. पहिला गोल लौकर झाला नाही तर रात्र लांबणार.

खडूस_काका_कॅम्प (दुपारी ३.०५)
सगळं झालं, पण पोलिसांची परवानगी काढली काय? लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद असतोय. मॅच किती वाजता आहे ते कुणी लिहिलंच नाही इथं.

वडगाव_दहा_नंबर (दुपारी ३.१८)
रात्री साडेबारा. पंच मंडळी हो म्हणालीत. अर्ज पण दिलाय, १ डिसेंबर रात्री १२.३० म्हणून.

खडूस_काका_कॅम्प (दुपारी ३.२२)
१ डिसेंबर म्हणजे गुरुवार. मॅच बुधवारच्या रात्री म्हणालास.

वडगाव_दहा_नंबर (दुपारी ३.२५)
बारा वाजून गेले की तारीख बदलते की वो. मोबाईलवर १ तारीखच दाखवतंय.

खडूस_काका_कॅम्प (दुपारी ३.३३)
मोबाईलला कळतंय, अर्ज वाचणाऱ्याला काय कळणार? तो म्हणणार गुरुवारी रात्री. बुधवारी तुम्ही पडदा बांधायला लागला की विचारणार, परवानगी तर उद्याची आहे. आणि ३० ला सुप्रीम कोर्टात तारीख आहे, गावात बंदोबस्त असणार. आत्ताच्या आत्ता जाऊन "३० च्या मध्यरात्री, म्हणजे बुधवार-गुरुवारच्या मधल्या रात्री" असं लिहून दे.

सीमाभागी (दुपारी ३.४०)
तारखेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, गेली इतकी वर्षं तारखाच...

संपादक (दुपारी ३.५२)
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे. कृपया तिकडे.

टिळकवाडीची_ताई (दुपारी ४.१५)
साडेबाराला आवाज कशाला हवा? पडदा लावा, आवाज बंद ठेवा. गल्लीत म्हातारी माणसं आहेत, दहावी-बारावीची पोरं आहेत. गोल झाला की तुम्ही ओरडणारच आहात, समालोचन कशाला पाहिजे?

वडगाव_दहा_नंबर (संध्याकाळी ७.०५)
काका, वाचवलंत. तिथल्या साहेबांनी अर्ज गुरुवारचाच धरला होता. बदलून दिला. स्पीकर नाही, पडदा चालेल, ११ च्या आत बांधून घ्या म्हणालेत. ताईंचं आपोआपच झालं.

फळ्यावर लिहिलंय: जिंकलो आत, हरलो बाहेर, ड्रॉ झाला तर सौदी जिंकायला नको. खाली बारीक अक्षरात: मेक्सिकोनं तीन घातले तर मामांना विचारा.

आता पडदा. अर्धे म्हणतात दोन्ही मॅच आलटून पालटून लावा.

पडदावाला_खानापूर (संध्याकाळी ७.२०)
चॅनल बदलला की गोल होतोय, हा नियम आहे. बदलू नका.

अनगोळचा_गोलकी (संध्याकाळी ७.४४)
पडद्यावर आपली. दुसरी कुणाच्या तरी घरचा टीव्ही खिडकीत तोंड बाहेर करून ठेवा. त्याच्यापाशी एकच माणूस बसवायचा, गोल झाला की बोटांनी दाखवायचं.

शहापूरचा_सौदी (संध्याकाळी ७.५०)
मी बसतो.

वडगाव_दहा_नंबर (गुरुवार, १ डिसेंबर, सकाळी ९.३०)
झोप नाही, तरी लिहितो, विचारू नका. पहिल्या हाफमध्ये मेस्सीची पेनल्टी श्चेन्स्नीनं अडवली. गल्ली अशी गप्प झाली की ताईंना पण बरं वाटलं असतं. दुसरा हाफ चालू झाल्या झाल्या मॅकअॅलिस्टरनं घातला, मग अल्वारेझनं. २-० जिंकलो, गटात पहिले. ड्रॉचं गणित वाया गेलं.

पण मामा. आपलं पक्कं झाल्यावर कोणी पडद्याकडं बघतच नव्हतं. सगळे खिडकीतल्या टीव्हीपाशी. तिकडं मेक्सिको २-० पुढं. पोलंड आणि मेक्सिको, गुण चार-चार, फरक शून्य-शून्य, गोल दोन-दोन, आपसात ०-०. खाली पट्टीत दाखवायला लागले, पिवळी कार्डं पोलंड ५, मेक्सिको ७. शहापूरच्यानं दोन्ही हात वर केले, एका हाताची पाच, दुसऱ्याची दोन, कुणाला काही कळेना. शेवटी जादा वेळेत अल-दौसारीनं सौदीचा एक घातला आणि मेक्सिको फरकावरच गेली.

रेफ्री_मामा (सकाळी ९.४८)
कुंदा अर्धा किलो. कॅम्पातला नको, शहापुरातलाच आण.

शहापूरचा_सौदी (सकाळी १०.३०)
दोन्हीकडं ड्रॉ झालाच नाही, तर पैज लागू कशी?

रेफ्री_मामा (सकाळी १०.३२)
कार्डांवरनं हसला होतास, त्याचा.

वडगाव_दहा_नंबर (सकाळी ११.०५)
ते तुमचं तुम्ही बघा. पुढची ऑस्ट्रेलियाशी, शनिवारी रात्री, परत साडेबाराच. काका, अर्जात ३ तारीख लिहू की ४?