सोसायटी ग्रुप: हॉलमधलं पावडरचं शिबिर

नेने, बी-२०२ (स. ७.४०)
सगळ्यांना नमस्कार. रविवारी आपल्या हॉलमध्ये 'वजन कमी करा' शिबिर झालं, त्याबद्दल लिहिते आहे. आमचे अण्णा तिथे जाऊन आले. काल त्यांनी नाश्ता आणि दुपारचं जेवण सोडून नुसती पावडर पाण्यातून घेतली. शुगरची गोळी मात्र रोजच्यासारखी घेतली. तीनच्या सुमारास जिन्यात घामाघूम होऊन बसलेले वॉचमनदादांना दिसले. आता ठीक आहेत. पण हॉल या कामाला कोणी दिला?

जोशी, ए-४०४ (७.४४)
हॉलचं भाडं किती घेतलं आणि कोणत्या खात्यात जमा झालं?

शिंदे, सी-१०२
वहिनी, अण्णांना जपा. काही लागलं तर रात्री-अपरात्री हाक मारा, माझी गाडी खालीच असते.

पाटील, बी-६०१
ताई, ऐकून खरंच वाईट वाटलं. पण औषधं चालू असतील तर आधी विचारून घ्या, असं शिबिरात सांगितलं होतं. आपल्याच लोकांचं भलं व्हावं म्हणून केलं मी.

नेने, बी-२०२
कुणाला विचारायचं होतं दादा? ७६ वर्षांच्या माणसाच्या हातात डबा दिलात आणि ३२०० रुपये घेतलेत. चिठ्ठीवर 'सकाळी १, दुपारी १' एवढंच लिहिलंय.

गायकवाड, सेक्रेटरी
कृपया शब्द जपून वापरावेत ही सर्वांना विनंती. बुकिंग 'आरोग्य व्याख्यान' म्हणून आलं होतं. तिथे विक्री होणार हे मला माहीत नव्हतं.

जोशी, ए-४०४
व्याख्यान असो की विक्री, भाडं किती घेतलं?

डॉ. मॅडम, ए-३०२ (८.१५)
वहिनींना विचारूनच लिहिते आहे. अण्णांच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे. ही गोळी शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. मग उपाशीपोटी रक्तातली साखर फार खाली जाते. इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हाच धोका. अशा कोणीही डॉक्टरांशी न बोलता जेवण सोडू नका. घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ असं दिसलं तर शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी शुगर तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

कुलकर्णी, ए-२०१
सुप्रभात 🙏 आजचा विचार: पहाटे कोमट पाण्यात लिंबू आणि मध, सर्व रोगांवर एकच उपाय.

नेने, बी-२०२
काकू, आत्ता नको हो प्लीज.

पाटील, बी-६०१
डॉक्टर, तुमचं बरोबर आहे. पण वजन वाढलंय त्यांनी करायचं काय? सकाळी साडेसातला घर सोडणाऱ्याला कुठला वेळ असतो? पावडरीत सगळं मोजून-मापून असतं. घरच्या जेवणात काय मोजणार?

कदम, सी-५०३ (८.३२)
घरचंही मोजता येतं, पाटीलदादा. मी मोजलंय. गेल्या वर्षी गणपतीत जिना चढताना मला धाप लागायची, ते सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा ७८ किलो होते, आज ६७. चौदा महिने लागले. डबा एकही घेतला नाही.

पहिलं मोजलं ते तेल. आमच्याकडे चौघांत ५ लिटरचा डबा महिन्यात संपायचा. ५ लिटर म्हणजे साधारण ४६०० ग्रॅम. चार माणसं, तीस दिवस, माणशी रोज ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २००० कॅलरींचा जो आदर्श ताट-तक्ता आहे, त्यात तेल-तूप दिवसाला २७ ग्रॅम आहे. एका ग्रॅमला ९ कॅलरी. म्हणजे आम्ही प्रत्येक जण रोज शंभरेक कॅलरी नुसत्या फोडणीतून जास्त खात होतो. किटलीतून धार सोडायची सवय बंद केली, चहाचा चमचा घेतला. आता तोच डबा सहा आठवडे पुरतो. भाजी तीच, चवही तीच. मिस्टरांना महिनाभर कळलंही नाही.

शिंदे, सी-१०२
वहिनी, हे आमच्या हिला दाखवू नका, वांग्यावरचा तवंग जाईल 😀

सौ. शिंदे, सी-१०२
मी याच ग्रुपवर आहे.

जोशी, ए-४०४
विषय भरकटतो आहे. भाडं?

मोरे, बी-३०४
भाकरी चालू केली असेल ना? मी सहा महिने ज्वारीच खातोय, काटा हलत नाही.

कदम, सी-५०३
मोरेदादा, किती खाता? पन्नास ग्रॅम पिठाची भाकरी आणि तेवढ्याच पिठाची पोळी, कॅलरी जवळपास सारख्याच, १७० च्या आसपास. फरक असा की भाकरीला पिठात तेल नाही, कोंडा तसाच असतो आणि चावायला वेळ लागतो. माझं पोट दीड भाकरीत भरतं, पोळ्या तीन लागायच्या. तुम्ही तीन भाकऱ्या आणि वर लोण्याचा गोळा घेत असाल तर काटा कसा हलेल?

मोरे, बी-३०४
तीन नाही. चार 🙏

देसाई, ए-५०२
म्हणजे ताटात नक्की काय असतं ते लिहा ना. आणि किती वेळा? दीक्षित की दिवेकर?

गायकवाड, सेक्रेटरी
२०१८ चा वाद पुन्हा नको. त्या वेळी दोन घरं वर्षभर बोलत नव्हती.

कदम, सी-५०३
वाद नाही घालत. डॉ. दीक्षित म्हणतात दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत संपवा. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणतात दर दोन तासांनी थोडं खा. मला तीनदा जमलं. दुपारी दीड भाकरी, मटकी नाहीतर मुगाची उसळ वाटीभर आणि अर्ध्या ताटात भाजी-कोशिंबीर. आमच्या दोघी जावांत पालकाची आख्खी जुडी एका वेळेला संपते. कधी शेपू, कधी आंबट चुका. एक वाटी ताक. रविवारी बांगडा, तव्यावर. रात्री कुळथाचं पिठलं किंवा मुगाची खिचडी. संध्याकाळी पाचला भूक लागली की मूठभर भाजलेले फुटाणे, कधी पेरू. बंद काय केलं? चहाबरोबरची बिस्किटं, फरसाण आणि दुधात घालायची ती गोड पावडर. उपासाची साबुदाणा खिचडीसुद्धा. साबुदाण्यात पिठूळपणाशिवाय काही नाही, त्यात दाण्याचा कूट आणि तूप. एकादशीला भगर आणि ताक घेते.

देसाई, ए-५०२
साबुदाण्याला नावं ठेवू नका हो.

कुलकर्णी, ए-२०१
बिस्किटं मल्टीग्रेन घ्यायची. आमची नात तीच देते मला.

डॉ. मॅडम, ए-३०२ (९.०५)
काकू, पाकीट उलटं करून घटक वाचा. जो सर्वांत जास्त तो सर्वांत आधी लिहायचा, असा नियम आहे. पहिला मैदा, मग साखर, पामतेल असेल तर पुढच्या चित्राला काही अर्थ नाही.

कदम वहिनींना पाठिंबा देणारा एक प्रयोग सांगते. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना महिनाभर तिथेच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यातले पाकीटबंद पदार्थ, दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न. समोर ठेवलेल्या ताटांत कॅलरी, साखर, चरबी, मीठ, तंतू सारखेच. हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. पाकिटांच्या दोन आठवड्यांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि वजन साधारण ९०० ग्रॅम वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. कुणाला उपाशी ठेवलं नव्हतं.

पाटील, बी-६०१
त्यात पावडर नव्हती ना पण?

नेने, बी-२०२
दादा, पुरे आता. बाकीच्यांना मी काही म्हणत नाही, पण अण्णांचे पैसे परत हवेत.

शिंदे, सी-१०२
विषय निघालाच आहे तर महाप्रसादाला यंदा मसालेभात नको. गेल्या वर्षी पातेल्याच्या तळाशी बोटभर तेल होतं.

देसाई, ए-५०२
गेल्या वर्षीचा मसालेभात मी केला होता शिंदे. पहाटे चारला उठून. एकटीने.

शिंदे, सी-१०२
हा मेसेज डिलीट केला आहे

सौ. शिंदे, सी-१०२
देसाई काकू, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. भात छान झाला होता.

जोशी, ए-४०४
तिसऱ्यांदा... नाही, चौथ्यांदा विचारतोय. भाडं?

गायकवाड, सेक्रेटरी (११.२०)
जोशीसाहेब, व्याख्यान म्हणून भाडं माफ केलं होतं. विक्री झाली असल्याने नियमाप्रमाणे १५०० रुपये आता पाटीलसाहेबांकडून घेतले जातील. यापुढे औषध, पावडर, विमा, कसलीही विक्री हॉलमध्ये होणार नाही.

पाटील, बी-६०१
भाडं भरतो. नेनेताई, संध्याकाळी येऊन पैसे देतो, अण्णांनाही भेटतो. मला गोळीचं खरंच माहीत नव्हतं.

जोशी, ए-४०४
पावती ग्रुपवर टाकावी.

नेने, बी-२०२ (सायं. ७.५०)
पाटीलदादा येऊन गेले. अण्णा जेवले, शुगर १४२ आहे. पिठलं-भाकरीच मागितली त्यांनी. कदम वहिनी, माझी भाकरी मात्र थापतानाच कडेला चिरते. काय चुकतं?

कदम, सी-५०३
पीठ कधीचं आहे?

नेने, बी-२०२
महिना झाला असेल.

कदम, सी-५०३
मग त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली. आठ दिवसांपुरतंच दळून आणायचं. आजचं टाकून देऊ नका, उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाका, मग तळहाताच्या टाचेने भरपूर मळा. उद्या सकाळी मी गिरणीत चाललेच आहे, तुमची दोन किलो ज्वारी माझ्या डब्यात द्या.