मोठ्या माणसांनी गेममध्ये टर्निप विकले तर कुणाचं काय बिघडतं?

खिडकीपाशी (धागाकर्ती)

काल 'रिकामटेकडेपणाचे नवे प्रकार' या धाग्यावर दोनबटणं यांनी ठणकावून सांगितलं की ॲनिमल क्रॉसिंग (बेटावर घर बांधून बोलक्या प्राण्यांच्या शेजारात राहायचं), स्टारड्यू व्हॅली (शेती करायची) वगैरे व्हिडिओ गेम मुळात गेमच नाहीत. हरायची भीती नाही, जिंकायची मजा नाही. घोडी झालेली माणसं भातुकली खेळतात आणि वर त्याला मनःशांती म्हणतात. तिथे उत्तर लिहायला घेतलं ते वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा.

मला यातलं काय आवडतं ते सांगते. ॲनिमल क्रॉसिंगचं घड्याळ खऱ्या घड्याळाबरोबर चालतं. रात्री दहानंतर बेटावरचं दुकान बंद म्हणजे बंद. टर्निप (सलगमचे कंद, घ्यायचे आणि भाव चढला की दुकानात विकायचे) विकणारी डेझी मे रविवारी सकाळीच येणार. घराचं वाढीव काम आज सांगितलं तर उद्या होणार. दिवसाची कामं उरकली की गेमच म्हणतो, जा आता. फोनवरचे गेम पैसे भरून आणखी पाच 'जीव' घ्या म्हणून मागे लागतात, इथे तसलं काही नाही. दिवसभर ज्या कामाला शेवट नाही असं काम करणाऱ्या बाईला 'आजचं झालं' हे ऐकायला मिळणं म्हणजे काय, ते दोनबटणांना नाही कळायचं.

हा गेम ज्यांच्या डोक्यातून निघाला ते कात्सुया एगुची चिबाहून क्योटोला नोकरीसाठी आले आणि घरच्या माणसांची, मित्रांची आठवण काढत बसले. पहिला गेम २००१ साली जपानात आला तोच मुळी एका घरातल्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी एकाच गावात खेळावं म्हणून. आमच्याकडेही एकच स्विच (हा गेम चालतो तो निन्टेंडोचा कन्सोल), एकच बेट. मुलगा दुपारी, मी रात्री. परवा बघते तर माझ्या दारासमोर एका रांगेत खड्डे खणून ठेवलेले आणि टपालपेटीत चिठ्ठी, 'पावसाळी रस्ता'.

दोनबटणं

दोन मुद्दे.

एक, 'गेमच म्हणतो जा आता' हे अर्धसत्य आहे. बेटावर ते नुकचं मशीन आहे ना? रोज येऊन बटण दाबलं की माइल्स, म्हणजे बक्षिसाचे गुण, मिळतात, आणि सलग आलात तर सातव्या दिवसापर्यंत वाढत जातात. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. काही दिवस फिरकला नाहीत तर तण माजतं, घरात झुरळं होतात, आणि शेजारचं एखादं अस्वल येऊन विचारतं, इतके दिवस होतीस कुठे? याला आराम म्हणतात? घरी आई आहे माझी एवढं ऐकवायला.

दोन, रात्री अकराला दुकान बंद असेल तर कन्सोलचं घड्याळ पुढे करून सकाळ करता येते. अर्धी जनता तेच करते. मग कसली शिस्त?

सांजवेळ_जर्सी

घड्याळ पुढे करणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, भांडण होईल. (करू नये. टर्निप घेऊन घड्याळ मागे नेलं तर सडतात, बरी शिक्षा आहे.)

न्यू होरायझन्स, म्हणजे ॲनिमल क्रॉसिंगचा स्विचवरचा भाग, आला २० मार्च २०२० ला. बहिणीचं डोहाळजेवण एप्रिलमध्ये पुण्यात, मी इथे न्यू जर्सीत, विमानं बंद. शेवटी माझ्या बेटावर केलं. हिरवी साडी मी गेममध्येच चितारली, ३२ बाय ३२ चौकोनांत पैठणीचा काठ बसवताना डोळे गेले. मोर काही जमला नाही, मोराचा पोपट झाला. एका बेटावर एका वेळी आठच जण मावतात म्हणून मावश्यांच्या दोन पाळ्या लावल्या. भाचा आता शाळेत जातो, बहिणीकडे त्या दिवसाचे एवढेच फोटो आहेत. भातुकली म्हणा नाहीतर काहीही म्हणा.

मास्तरीण

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये याच गेमच्या खेळाडूंचा अभ्यास केला होता. विशेष म्हणजे किती वेळ खेळलात हे लोकांना विचारलं नाही, कंपनीकडूनच आकडे घेतले. जास्त खेळणाऱ्यांनी आपण जास्त समाधानी असल्याचं सांगितलं. संबंध लहानसाच होता, पण होता.

दोनबटणं

ज्याच्याकडे निवांत वेळ आहे तो समाधानी असतो आणि खेळतोही जास्त. याला ऑक्सफर्ड कशाला?

उन्हाळकांदा

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज राहवत नाही. निफाड तालुक्यात शेती आहे, कांदा आणि थोडी द्राक्षं.

धाकट्या भावाने स्टारड्यू मोबाइलवर घेतलाय, त्याच्या खांद्यावरून बघितला. पहिल्या दिवशी फुकट १५ पार्सनिपचं (गाजरासारखा कंद) बी. पेरलं, झारीने पाणी घातलं, चार दिवसांत पीक. पेटीत टाकलं की सकाळी पैसे जमा. साधा पार्सनिप कधीही विका, ३५ म्हणजे ३५. आडत्या नाही, लिलाव नाही, हमाली-तोलाई नाही. रात्री दोनला शेतकरी चक्कर येऊन पडतो, तर सकाळी आपल्या पलंगावर उठतो. फार तर हजार नाणी गेलेली असतात.

आमच्याकडे थ्री फेज लाईट रात्रीची असते तेव्हा बॅटरी घेऊन पाणी भरायला जातो. उसात बिबट्या असतो. पडलो तर पलंगावर कोण आणून ठेवणार आहे?

आणि ह्याला तुम्ही लोक 'रिलॅक्सिंग' म्हणता. खेळा, पण त्याला शेती म्हणू नका.

खिडकीपाशी

दादा, शेती सोपी असते असं इथे कुणीही म्हटलेलं नाही.

उन्हाळकांदा

म्हटलं नाही, पण वाटतं तसंच. दर हिवाळ्यात गाड्या भरून हुरडा खायला येतात, बांधावर फोटो काढतात आणि जाताना 'तुमचं लाइफ किती शांत आहे' म्हणतात. डिसेंबर २०२३ ला एका रात्रीत निर्यातबंदी झाली आणि मे २०२४ पर्यंत राहिली, त्या वेळची शांतता बघायला यायला पाहिजे होतं. कांदा महाग झाला की पहिली बोंब शहरातून. मग निर्यात बंद, मग भाव पडला की सगळे गप्प.

दोनबटणं

वा. म्हणजे आता कांद्याच्या भावाला आम्ही जबाबदार. गेमवर बोला की.

उन्हाळकांदा

गेमवरच बोलतोय. ताईंचे ते टर्निप रविवारी ९० ते ११० ला घ्यायचे, भाव रोज दोनदा बदलणार, पुढच्या रविवारच्या आत विकले नाहीत तर सडणार. सहाशेच्या वरसुद्धा जातो म्हणे कधी कधी. हे लासलगावच आहे. फरक एवढाच की तिथला सावकार टॉम नुक घरासाठी कर्ज देतो, व्याज घेत नाही आणि मुदतही विचारत नाही. असला सावकार आमच्या तालुक्यात आला तर मिरवणूक काढू.

सांजवेळ_जर्सी

तिथेही एप्रिल २०२० च्या अपडेटमध्ये ठेवीवरचं व्याज ०.५ टक्क्यांवरून ०.०५ वर आणलं होतं, उगाच हेवा करू नका. हलके घ्या.

मास्तरीण

पण उन्हाळकांदा, हार्वेस्ट मून या शेतीच्या जुन्या गेमचे कर्ते यासुहिरो वादा स्वतः गावाकडून टोकियोला गेलेले. गाव सुटल्यावर १९९६ मध्ये त्यांनी तो गेम केला, आणि पुढे स्टारड्यू त्याच्यावरूनच निघाला. हे काही केवळ शहरी लोकांचं खूळ नाही.

उन्हाळकांदा

गाव सोडलेल्यालाच गाव गोड लागतं बाई. आमचे मुंबईचे काका बघा. जमीन विकताना सगळ्यांत आधी सही त्यांची, आणि गणपतीत आले की मातीचा वास सगळ्यांत जास्त त्यांनाच येतो.

खिडकीपाशी

काकांचा राग माझ्यावर काढू नका. माझ्या वडिलांनीही सोलापूरकडची कोरडवाहू विकून कारखान्यात नोकरी धरली. का, ते मला चांगलं माहीत आहे. म्हणूनच सांगते, शेतीची हौस म्हणून आम्ही हे खेळत नाही. लावलं की उगवतं, उगवलं की ठरलेला दाम मिळतो, कष्ट केले तर ते दिसतात. माझ्या नोकरीत यातलं काहीच नाही. वर्षभर राबून अप्रेझलला साहेब म्हणतात, बजेट नाही. तुमच्याकडेही नाही, असं तुम्हीच सांगताय. मग चिडता कुणावर?

उन्हाळकांदा

हां, मग तसं म्हणा. म्हणजे तुम्हाला हमीभाव पाहिजे. आम्हालाही तोच पाहिजे, फक्त गेमच्या बाहेर.

भाऊ म्हणतो वादात पडू नको. तो द्राक्षाची फवारणी करून येतो आणि पडल्या पडल्या तेच खेळतो. त्याला कुणी शेती शिकवायची गरज नाही, तरी खेळतो. का, ते विचारलं तर म्हणतो, 'इथं गारपीट नाही.' यावर काय बोलणार. त्याच्यापुरतं मान्य. हुरडावाल्यांपुरतं अजिबात नाही.

दोनबटणं

छान. शेतकऱ्याचा भाऊ खेळतो म्हणून आता हा गेम ठरला. आणि हे सगळं करायला स्विच, जो भारतात अधिकृतपणे विकलाच जात नाही. माझ्या ओळखीच्या दुकानदाराने बाहेरून आणलेला गळ्यात मारला आणि बिघडल्यावर 'वॉरंटी दुबईची आहे' म्हणून हात वर केले. कार्ट्रिज चार हजारांच्या वर. एवढ्यात खरी भाजी पिकेल गॅलरीत.

सांजवेळ_जर्सी

अच्छा, म्हणजे तुमच्याकडे स्विच आहे तर. काय खेळता त्याच्यावर?

दोनबटणं

मुद्द्याचं बोला.

संपादक

कांदा, निर्यातबंदी आणि काका यांसाठी वेगळा धागा काढावा. इथले पुढचे अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

उन्हाळकांदा

काढा तुम्हीच. नाव 'लासलगाव न्यू होरायझन्स' ठेवा.

दोनबटणं

म्हणजे हरणं-जिंकणं नसलेल्या गोष्टीला गेम का म्हणायचं, याचं उत्तर शेवटी कुणी दिलंच नाही.

खिडकीपाशी

टर्निप सडू देऊन बघा एकदा. मग सांगा हरणं आहे की नाही.