प्रतिसाद: 'ज्याला बदलायचं असतं तो बदलतोच'

'ज्याला बदलायचं असतं तो बदलतोच, बाकीच्यांना कारणं हवी असतात' हे वरचं मत मला अर्धंच पटतं. जिद्द लागते, कबूल. पण गोव्यात सांगे-डिचोलीकडे लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्यावर काय झालं तेही बघा. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेवर परवानगी मिळाली आणि २०१८ मध्ये खाणींची ८८ लीज (खाणपट्टे) रद्द होऊन सगळं पुन्हा ठप्प. म्हणजे खाणीचा माल वाहणाऱ्या ट्रकवाल्याने 'आता दुसरं काही बघू' म्हणायचं, तोवर खाण सुरू व्हायची आशा परत दाखवली जायची! अशा टांगणीत कोण निर्णय घेणार?

आमच्या वाड्यावरच्या एका ट्रकमालकाने ट्रक विकला आणि घरच्या पडीक काजूच्या बागेत लक्ष घातलं. आज मार्च ते मे त्याला फुरसत नसते. बिया विकतो, बोंडू (काजूची फळं) दारूच्या भट्टीवाल्याला देतो. लोक त्याच्या हिमतीचं कौतुक करतात, ते योग्यच. पण बाग वडिलार्जित होती, आणि पहिली दोनतीन वर्षं घर बायकोच्या दोन म्हशींच्या दुधावर चाललं, हे कुणी सांगत नाही. त्याच्याच शेजाऱ्याकडे जमीन नव्हती, ट्रकचे हप्ते मात्र चालू होते. तोही तितकाच कष्टाळू. तो अजून दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. त्याला 'इच्छाशक्ती कमी' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.