तंबू ठोकला आणि पाखरं आली : घरच्यांसोबतचे मुक्काम (अनुभव धागा)

गेल्या डिसेंबरात सोलापूरजवळच्या नान्नजला एका मित्राच्या शेतात आम्ही दोन रात्री तंबूत काढल्या. १९७९ साली ज्याच्यासाठी इथलं माळरान राखलं, तो माळढोक काही दिसला नाही. देशात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात, त्यामुळे आशाही नव्हती. पण सकाळी चुलीवर चहा उकळत असताना लेक ओरडली, "बाबा, हा बघा, स्टॅच्यू खेळतोय!" धाविक पक्षी होता. तुरुतुरु पळायचा, थबकायचा, वाकून किडा टिपायचा, की परत पळ. दिवसभर ती त्याच्यासारखीच चालत होती. आजीने भाकरीला बोलावलं तरी आधी थबकायची, मग वाकायची.

तुमचेही असे मुक्काम लिहा. शेत, धरणाचा काठ, गच्ची, काहीही चालेल.

जुळे सोलापूरहून

आमची गोष्ट टिटवीची. एप्रिलमध्ये अक्कलकोटकडे मावशीच्या शेतात गेलो होतो. घरात पंख्याखालीही झोप लागेना म्हणून विहिरीजवळच्या मोकळ्या रानात तंबू लावायचं ठरलं. पहिली खुंटी ठोकली आणि डोक्यावर एकच कल्ला, टिटिव-टिटिव. टिटवी अक्षरशः अंगावर येत होती. आमची अव्वा (आईची आई, घरात कानडी चालतं) म्हणाली, "रात्रीची ओरडली तर वंगाळ म्हणतात. ही दिवसाढवळ्या ओरडालीय, म्हणजे कायतरी सांगालीय." आणि तिनेच शोधलं. आमच्या चपलेपासून दोन हातांवर, ढेकळांत, चार अंडी. खड्यांसारखी, काळपट ठिपक्यांची. घरटं म्हणावं तर चार खडे गोळा केलेले, बस्स.

खुंटी उपटली, तंबू पार बांधाच्या पलीकडे नेला. दुपारी उन्हाने रान तापलं तेव्हा पाखरू विहिरीच्या पाटावर जाऊन पोट भिजवून आलं आणि तसंच ओलं अंड्यांवर बसलं. थोड्या वेळाने परत तेच. माझा मुलगा दुर्बीण सोडायला तयार नव्हता. अव्वाचं लक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीवर. "अंडी उंचावर नाहीत बघ, सखल रानात घातलीत. यंदा पावसाचं काय खरं नाही." पाऊस बरा झाला. अव्वाला ते अजून सांगितलेलं नाही.

बार्शी तालुक्यातून

हुरड्याला पाहुणे येतात, त्यांच्यासाठी लिहितो. ज्वारीवर काळ्या-गुलाबी पाखरांचा ढग उतरतो ना, त्या भोरड्या. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येतात. पाहुणे व्हिडिओ काढतात, आमचे तात्या माळ्यावरून गोफण फिरवतात! मागच्या जानेवारीत पुण्याची भाची तंबू घेऊन राहायला आली. थवा वळला की सगळा एकदम वळायचा, ती "आहाहा" म्हणायची आणि तात्या "हाऽऽ हुर्र". शेवटी तिने गोफण मागितली. पहिला दगड मागे आमच्याच तंबूवर. तात्या त्या दिवशी जेवढे हसले तेवढे आजी गेल्यापासून हसले नव्हते. एक मात्र खरं, याच भोरड्या नाकतोडेही खातात, म्हणून तात्या त्यांना शिव्या देतात पण मारायला नेम धरत नाहीत.

टेंभुर्णीहून

उजनी धरणाच्या काठावर रोहित (फ्लेमिंगो) पाहायला राहिलो. रोहित लांब पाण्यात, गुलाबी रेघेसारखे. तंबूच्या दोरीवर शेपटी हलवत बसलेला परीट पक्षीच मुलांना आवडला.

एक तक्रार

वाईट वाटेल, पण लिहिते. आमच्या शेजारच्या तंबूतले लोक मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज मोठ्याने लावून त्यांना बोलावत होते. दयाळ बिचारा आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला समजून तासभर या झाडावरून त्या झाडावर. अहो, पाहुणे म्हणून गेलो की गप बसावं. सासूबाईंनी जाऊन स्पष्ट सांगितलं, मग बंद झालं.

पूर्व भागातून, सोलापूर

आमचा मुक्काम गच्चीवर. २०२० चा उन्हाळा, सगळं बंद, खालचे यंत्रमागही गप्प. मुलांनी हट्ट धरला म्हणून पाण्याच्या टाकीला आणि खांबाला दोरी बांधून आमच्याच चादरींचा तंबू केला. एरवी मागांच्या खडखडाटात काहीच ऐकू यायचं नाही. तेव्हा पहाटे पाचला चिमण्यांनी उठवलं. धाकटीने पाहिलं, एक चिमणी कारखान्याच्या झरोक्यातून आत जाते आणि चोचीत काहीतरी घेऊन येते. आठवडाभराने टाकीमागच्या पाइपात घरटं दिसलं. गवत, केस, आणि मधेच लाल-हिरवं सूत. आमचे मिस्टर बराच वेळ वाकून बघत होते. म्हणाले, "हे आपल्या शेवटच्या ऑर्डरचं सूत आहे."