'क्विझ शो' (१९९४) बघितला, यातलं खरं किती आणि फिल्मी किती?

रात्रपाळी:
काल एकदाचा रॉबर्ट रेडफर्डचा 'क्विझ शो' बघितला, कधीपासून लिस्टमध्ये पडून होता. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९५६ साल, अमेरिकेतल्या एनबीसी चॅनेलवर 'ट्वेंटी-वन' नावाचा क्विझ लागतोय, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारा हर्ब स्टेम्पेल नावाचा चष्मेवाला गडी जिंकतच सुटलाय, मग स्पॉन्सरला त्याचं थोबाड नकोसं होतं आणि त्याच्या जागी कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकवणारा, देखणा, मोठ्या घरचा चार्ल्स व्हॅन डोरेन आणून बसवतात. उत्तरं दोघांनाही आधीच पुरवलेली. स्पॉयलर स्पॉयलर करू नका, साठ वर्षांपूर्वी सगळ्या पेपरात छापून आलंय.

तो 'मार्टी'चा सीन काही डोक्यातून जात नाहीये. १९५५ चं बेस्ट पिक्चर ऑस्कर कोणाला? स्टेम्पेलला 'मार्टी' हे उत्तर पाठ आहे पण ऑर्डर आहे हरायची, म्हणून 'ऑन द वॉटरफ्रंट' म्हणायचं. जॉन टर्टुरो काय खेळलाय तो सीन!

तर प्रश्न दोन. हे असंच घडलं होतं का? आणि एवढं बाहेर आल्यावर आत कोणीच कसं गेलं नाही?

खोडरबर:
मार्टीचं शंभर टक्के खरं आहे. ५ डिसेंबर १९५६ चा एपिसोड. आणि बिचाऱ्याने तो पिक्चर तीनदा बघितला होता म्हणे, म्हणून जास्तच झोंबलं त्याला.

पण खरी मजा बारीकसारीक गोष्टींत आहे. त्याचे केस तसे भादरायला लावले होते, सूट मुद्दाम मापात न बसणारा, स्पर्धक ज्या बंद काचेच्या बूथमध्ये उभा असायचा तिथला एसी बंद, आणि घाम पुसायचा नाही तर रुमालाने नुसता टिपायचा, तेही शिकवलेलं. म्हणजे नुसती उत्तरं नाही, अख्खं नाटक बसवलेलं होतं. आणि सुरुवातीला हे असं नव्हतं बरं का, पहिला एपिसोड प्रामाणिकपणे केला होता, पण स्पर्धकांना धड काही येईना, प्रोग्रॅम साफ आपटला, जेरिटॉल टॉनिकवाले स्पॉन्सर भडकले की हे परत दिसता कामा नये, तिथून पुढे सगळं ठरवून.

फिल्मी म्हणाल तर तो अमेरिकन संसदेच्या समितीसाठी चौकशी करणारा तरुण वकील गुडविन. सिनेमा त्याच्याच पुस्तकावर आहे त्यामुळे हिरोही तोच. प्रत्यक्षात खणून काढलं ते आधी मॅनहॅटनच्या सरकारी वकिलाच्या ऑफिसातल्या जोसेफ स्टोनने, त्याला सिनेमात जवळजवळ जागाच नाही. शिवाय तीन वर्षांचा मामला एका वर्षात झाल्यासारखा दाखवलाय.

तारीख_पे_तारीख:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, क्विझ फिक्स करणं तेव्हा गुन्हाच नव्हता. कायद्यात तसं कलमच नाही तर आत कोणाला टाकणार? कलम आलं १९६० मध्ये, हे सगळं झाल्यावर.

लोक अडकले ते शपथेवर खोटं बोलल्यामुळे. ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरायचा की नाही ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) दीडशेच्या आसपास साक्षीदार आले आणि त्यातले शंभरेक खोटं बोलले असा तेव्हाच्या वकिलांचा अंदाज होता. विचार करा, कशासाठी? जे केलं तो गुन्हा नव्हता, तो लपवायला जे बोलले तो गुन्हा ठरला! व्हॅन डोरेन आणि आणखी काही जणांनी १९६२ ला गुन्हा कबूल केला, शिक्षा झाली पण स्थगित. आणि निर्माता एनराइट आणि सूत्रसंचालक जॅक बॅरी? सत्तरच्या दशकात दोघं नवीन गेम शो घेऊन परत टीव्हीवर. घ्या.

शारदाश्रम:
मला या सिनेमाचा एकच राग आहे, व्हॅन डोरेनला फार सांभाळून घेतलंय. सिनेमात तो आधी नाही म्हणतो, मग शोमध्ये अचानक ओळखीचाच प्रश्न येतो आणि बिचारा घसरतो. राल्फ फाइन्सचा चेहराच असा की आपल्याला वाईट वाटणार. पण २ नोव्हेंबर १९५९ ला अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या समितीपुढे त्याने स्वतःच सांगितलंय की निर्माता फ्रीडमनने त्याला स्वतःच्या घरी बेडरूममध्ये नेऊन आधीच सगळं विचारलं होतं, की स्टेम्पेल हरतच नाही, लोकांना आवडत नाही, तर माझ्यासाठी एवढं करा. आणि वर काय तर तुमच्यामुळे शिक्षकांची आणि शिक्षणाची केवढी सेवा होईल! हे ऐकून साहेब तयार. १,२९,००० डॉलर जिंकले, 'टाइम'च्या कव्हरवर झळकले, एनबीसीच्या 'टुडे' शोमध्ये वर्षाला ५०,००० ची नोकरी. घसरला म्हणे.

रात्रपाळी:
@शारदाश्रम अहो पण त्याच्या बापाच्या भूमिकेतला पॉल स्कोफिल्ड? बापाला खरं सांगतो तो सीन? तिथे तरी मला त्याची दया आलीच.

शारदाश्रम:
ती दया स्कोफिल्डची आहे हो, पोराची नाही.

कॉफी_कमी_साखर:
याला जोडून 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर'चं मेजर इनग्रॅम प्रकरण वाचा, आपल्या केबीसीचं आणि सचिन खेडेकरांच्या 'कोण होईल मराठी करोडपती'चं जे मूळ, त्या ब्रिटिश शोमधलं. २००१ मध्ये गडी हॉट सीटवर पर्याय मोठ्याने वाचतोय आणि बरोबर पर्यायाला मागून कोणीतरी खोकतंय. तो, बायको आणि खोकणारा, तिघेही २००३ मध्ये कोर्टात दोषी. म्हणजे स्पर्धकाने चॅनेलला फसवलं तर फौजदारी केस, आणि चॅनेलने करोडो लोकांना फसवलं तेव्हा नुसती चौकशी समिती. मार्टिन स्कॉर्सेसी सिनेमात स्पॉन्सरचा साहेब झालाय ना, तो तेच सांगतो, लोक हुशारी बघायला बसत नाहीत, पैसा बघायला बसतात. आत्ताच्या सिंगिंग रिअ‍ॅलिटी शोमधली रडारड बघताना मला तो हमखास आठवतो.

खोडरबर:
@कॉफी, शोवाल्यांच्याच बाबतीत एक राहिलं. जेम्स स्नॉडग्रास म्हणून एक चित्रकार स्पर्धक होता, सिनेमातही आहे. त्याने मिळालेले प्रश्न आणि उत्तरं लिहून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली, शो लागायच्या आधी, आणि पाकिटं न फोडता ठेवून दिली. पोस्टाच्या शिक्क्यापुढे निर्माते काय बोलणार?

तारीख_पे_तारीख:
याला म्हणतात पुरावा. तीन महिन्यांच्या लॉ इंटर्नला हाच सीन दाखवा.

बाकी रात्रपाळी, परत बघणार असाल तर सबटायटल लावून बघा, रॉब मॉरोने गुडविनसाठी जो बॉस्टनचा हेल काढलाय तो मला अजून पचलेला नाही.