'फसीशस' म्हणजे नेमकं काय?

हापूसवाला, देवगड:
माझा मुलगा मालवाहू जहाजावर डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी आहे. रात्रीच्या वॉचला (पहाऱ्याच्या पाळीला) कॅप्टननी विचारलं, "समोर काय दिसतंय?" हा म्हणाला, "समुद्र." त्यावर कॅप्टन म्हणाले, "डोन्ट बी फसीशस." घरच्या डिक्शनरीत 'विनोदी, थट्टेखोर' एवढंच दिलंय. मग यात रागावण्यासारखं काय? आणि हा शब्द आला कुठून?

जुना मास्तर, कुडाळ:
'विनोदी' हा अर्थ अपुरा आहे. शाळेत इंग्रजी शिकवताना मुलांच्या वहीत तो दिसला की मी हटकून थांबायचो. गंभीर गोष्ट थट्टेवारी नेणं म्हणजे फसीशस. दशावतारी खेळाच्या सुरुवातीच्या आडदशावतारात संकासुर मस्करी करतो, तर लोक तिथे त्यासाठीच जागत बसलेले असतात. त्याला कोणी हा शब्द लावणार नाही. पण देवळात गाऱ्हाणं चाललंय, सगळे हात जोडून 'होय महाराजा' म्हणतायत आणि मध्येच कोणी कोटी केली, तर ती फसीशस. कोटी कितीही झकास असो.

मूळ लॅटिन 'फॅसेटस': चतुर, डौलदार, सुसंस्कृत. रोमन वक्ता सिसेरोने इ.स.पू. 55 मध्ये वक्तृत्वावर लिहिताना अशा चतुराईचे दोन प्रकार सांगितले. एक, सबंध बोलण्यात पसरलेली खुमारी. दुसरा, नेमका, थोडक्यात मारलेला टोला. चांगल्या वक्त्याला हे यायलाच हवं, असं तो मानायचा. फ्रेंचमार्गे शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला, तेव्हाही मान राखूनच. नापसंतीची छटा पुढे चढली. एवढ्या देखण्या शब्दाची अशी घसरण झाली याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून जुन्या इंग्रजी लिखाणात कुणाला फसीशस म्हटलेलं आढळलं, तर ती बहुधा स्तुती समजा.

डेकवरून, रत्नागिरी:
मास्तरांचं गाऱ्हाण्याचं उदाहरण ब्रिजलाही, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या जागेलाही लागू पडतं. लुकआउटने, म्हणजे टेहळणीवरच्या माणसाने, दिवा दिसला तर दिवा, आणि तो कुठल्या बाजूला, हे सांगायचं असतं. सुकाण्यावरचा माणूस तर प्रत्येक हुकूम मोठ्याने परत म्हणतो. आपल्या किनाऱ्यालगत रात्री मच्छीमार होड्या किती असतात, तुम्हाला सांगायला नको. तिथे 'समुद्र' हे उत्तर चालत नाही.

हापूसवाला, देवगड:
पटलं. पण त्याला उद्धट ठरवलं का? सार्कास्टिकसारखं?

जुना मास्तर, कुडाळ:
नाही हो. सार्कास्टिक ग्रीकमधून आलाय, त्याच्या मुळाशी मांस ओरबाडण्याचा अर्थ आहे. तिथे समोरच्याला जखम करायची असते. फसीशस माणसाच्या मनात तसं काही नसतं, त्याची वेळ तेवढी चुकते. हीच थट्टा जेवणाच्या टेबलावर केली असती तर तिला 'जॉक्युलर' म्हटलं असतं. तो शब्द लॅटिन 'जोकस'चा, 'जोक'च्याच घरातला. 'जगलर'ही त्यांचाच भाऊबंद.

मुलाला स्पेलिंगही पाठ करायला सांगा: facetious. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर त्यात ओळीने येतात, प्रत्येक एकदाच.